कागदाचे चीवर आणि माणसाची ओळख

माणसाची ओळख त्याच्या वस्त्रावरून करण्याची रीत फार जुनी आहे. आपल्या देशात मात्र ती नुसती रीत राहिली नाही. तिला शास्त्राचा आधार देण्यात आला. कोणी कोणते वस्त्र नेसावे, ते कोठपर्यंत नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे नसून त्याच्या जन्माने ठरावयाचे, असा दंडक घातला गेला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांच्या अंगावरील वस्त्रे आणि लोखंडाचे अलंकार नेमून दिलेले आहेत. याचा अर्थ असा की, वस्त्र हे अंग झाकण्याचे साधन न राहता दुरून ओळखू येणारी आणि स्वतःच्या इच्छेने पुसता न येणारी खूण बनले.

याच देशात तथागत भगवान बुद्धांनी स्थापन केलेल्या भिक्खुसंघाने वस्त्राचा अर्थ उलटा करून दाखविला. प्रेतावरून टाकलेले, उकिरड्यावर पडलेले वस्त्र भिक्खू आपण होऊन उचलीत असे. ते धुऊन, कापून, शिवून आणि रंगवून अंगावर घेत असे. त्यालाच पालि वाङ्मयात पंसुकूल म्हटले आहे. वस्त्र तेच, परंतु एका ठिकाणी ते लादलेले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते स्वीकारलेले आहे. शाक्यांचा राजपुत्र, उपालीसारखा नापित आणि रस्त्यावरील निर्माल्य झाडणारा सुनीत हे तिघेही त्या एकाच प्रकारच्या वस्त्रात आले, तेव्हा जन्माची खूण त्या वस्त्रातून नाहीशी झाली.

चीवराचा हा विचार भारताबाहेर गेल्यावर त्याचे काय झाले, हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्यातील एकच, परंतु विलक्षण असे उदाहरण घेणार आहोत. जपानमधील नारा येथील तोदाइजी या महाविहारात वर्षातून एकदा भिक्खू आपल्या हातांनी कागदाचे वस्त्र तयार करून ते अंगावर घालतात. या वस्त्रास जपानी भाषेत कामिको असे म्हणतात. हाताने केलेला कागद अंगावर वागवून माणूस आपली कोणती ओळख सांगतो, आणि त्या ओळखीत कोणाला स्थान मिळते व कोणाला मिळत नाही, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

विनयातील चीवर

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी विनयपिटकाची साक्ष काढणे अवश्य आहे. महावग्गातील चीवरक्खंधकात भिक्खूंसाठी सहा प्रकारच्या वस्त्रांना अनुमती दिलेली आहे. ती अशी : खोम म्हणजे जवसाच्या धाग्याचे, कप्पासिक म्हणजे सुती, कोसेय्य म्हणजे रेशमी, कंबल म्हणजे लोकरी, साण म्हणजे तागाचे आणि भंग म्हणजे भांगेच्या वाखाचे किंवा मिश्र धाग्याचे. याच खंधकात पुढे निषिद्ध वस्त्रांचीही यादी येते. कुशगवताचे, झाडाच्या सालीचे, लाकडाच्या ढलप्यांचे, माणसाच्या केसांचे, घोड्याच्या केसांचे, घुबडाच्या पिसांचे वस्त्र आणि काळविटाचे कातडे भिक्खूने वापरू नये, असे तेथे सांगितले आहे.

आता कोणी असे विचारील की, कागद हा झाडाच्या सालीपासूनच होतो. मग सालीचे वस्त्र, म्हणजे वाकचीर, निषिद्ध असताना कागदाचे वस्त्र विनयाला धरून आहे काय? प्रश्न योग्य आहे. परंतु निषेधामागील कथा वाचली असता त्याचे उत्तर सापडते. त्या कथेत एकामागून एक भिक्खू येतात. एक नग्न होऊन येतो, दुसरा कुशगवत नेसून, तिसरा साल गुंडाळून. प्रत्येक जण हेच सांगतो की, आपण अल्पेच्छतेची प्रशंसा करता आणि हे वस्त्र अल्पेच्छतेला पोषक आहे, म्हणून याला अनुमती द्यावी. तथागत त्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी करतात आणि या वस्त्रांना ‘तित्थियधज’, म्हणजे अन्य पंथीयांची ध्वजा, असे म्हणतात. येथे आक्षेप साल या पदार्थाला नाही. जवस, ताग आणि भांग यांचे धागेदेखील झाडाच्या सालीतूनच निघतात आणि त्यांना तर अनुमती आहे. आक्षेप आहे तो वैराग्याची ध्वजा करून मिरविण्याला. आपण इतरांहून कठोर तप करणारे आहोत, हे ज्या वस्त्रातून ओरडून सांगितले जाते, ते वस्त्र भिक्खूचे नव्हे.

याच प्रकरणात पोत्थक नावाच्या आणखी एका वस्त्राचा निषेध आहे. अट्ठकथेनुसार ते मकचि नावाच्या वनस्पतीच्या वाखाचे भरड वस्त्र होय. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात या पोत्थकाची उपमा येते : ते नवे असो वा जुने, दिसावयास कुरूप, स्पर्शाला खरखरीत आणि मोलाने हलके असते. वाचकांच्या सहज ध्यानात येईल की, पालि भाषेत पोत्थक याच शब्दाचा दुसरा अर्थ पुस्तक असा आहे. लिहिण्याची वस्तू आणि नेसण्याची वस्तू यांना एकच नाव असावे, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठी सूचक आहे.

मान्य वस्त्राचेही मोल शिल्लक राहू नये, यासाठी विनयाने आणखी एक उपाय योजला. दक्षिणागिरीकडे जात असता तथागतांनी मगधातील बांध घातलेली शेते पाहिली आणि त्या आकृतीप्रमाणे भिक्खूंची चीवरे करता येतील काय, असे आयुष्मान आनंदांना विचारले. आनंदांनी तशी चीवरे करून दाखविली. वस्त्राचे तुकडे करून ते शेताच्या वाफ्यांप्रमाणे पुन्हा जोडले की, त्याचे बाजारातील मोल संपते आणि चोरालाही त्याचा लोभ राहत नाही. सुई, दोरा, अंगुस्तान आणि शिवण्याची चौकट यांनाही विनयात अनुमती आहे. भिक्खूने आपले वस्त्र आपण शिवावे, हे त्यातून उघड होते. अशा रीतीने चीवरात तीन गोष्टी एकत्र आल्या : मोल नसणे, स्वतःच्या हाताचे काम आणि सर्वांना समान रूप. ज्या धम्मात आत्म्याला स्थान नाही, त्या धम्मात माणसाची ओळख त्याच्या कुळात किंवा त्याच्या आत दडलेल्या एखाद्या नित्य वस्तूत नसते; ती त्याच्या कृतीत असते. चीवर ही त्या कृतीची आठवण होय.

कागद आणि धम्म

कागदाचा शोध चीनमध्ये लागला. इ. स. १०५ मध्ये त्साय लुन याने झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी यांपासून कागद तयार करण्याची कृती राजदरबारात सादर केली, असे चिनी इतिहास सांगतात. या कलेचा पूर्वेकडील प्रसार बौद्ध ग्रंथांच्या प्रसाराबरोबर झाला. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात इ. स. ६१० मध्ये कोरियातून दोन्चो नावाचा भिक्खू जपानमध्ये आला आणि त्याला कागद व शाई करण्याची विद्या अवगत होती, अशी नोंद आहे. सुत्तांच्या प्रती करण्यासाठी आलेली ही कला पुढे वस्त्र करण्यासाठी उपयोगात आली.

वस्त्रासाठी कागदच का घेतला, यामागे रेशमाचा प्रश्न होता. आपल्या विनयात रेशमी चीवराला अनुमती असली तरी निस्सग्गिय पाचित्तिय नियमांत रेशीममिश्रित आसन करण्यास मनाई आहे. रेशीम करणाऱ्यांकडे काही भिक्खू जाऊन कोशेटे उकळण्यास सांगू लागले. तेव्हा ते कारागीर म्हणाले की, आम्ही पोटासाठी या जिवांना मारतो, तुम्हाला त्याची काय गरज? अशी त्या नियमाची कथा आहे. चीनमधील विनयाचे मोठे आचार्य दाओश्वान (इ. स. ५९६ ते ६६७) यांनी भिक्खूंनी रेशीम वर्ज्य करावे, असे मत आग्रहाने मांडले. त्यांच्यानंतर भारतात येऊन राहिलेल्या इत्सिंग या यात्रेकरूने मात्र, मूळ विनयात अनुमती असताना असा अतिरेक कशासाठी, असा त्याला विरोध केला. हा वाद वस्त्राचा दिसला तरी तो करुणेचा आणि प्रदर्शनाचा वाद होता. जपानमध्ये कापूस पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत सर्वत्र उपलब्ध नव्हता. रेशीम नको, लोकर नाही आणि थंडी तर कडाक्याची, अशा स्थितीत वारा अडवून ऊब राखणारा कागद भिक्खूंना उपयोगी पडला. हिमेजीजवळील शोशा पर्वतावर एन्ग्यो-जी विहाराची स्थापना करणारे शोकू (इ. स. ९१० ते १००७) हे कागदाचे वस्त्र वापरीत असत, अशी परंपरा आहे. विनय-संप्रदायाच्या, म्हणजे रित्सु पंथाच्या भिक्खूंमध्येही या वस्त्राचा वापर होता.

हातांचे काम

वेरूळची लेणी पाहण्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांना दौलताबादजवळील कागजीपुरा हे गाव ठाऊक असेल. हातकागदासाठी ते प्रसिद्ध आहे. आपल्याकडे असा कागद बहुधा चिंध्या आणि जुने सुतळीचे दोर यांच्या लगद्यापासून होई. म्हणजे वस्त्र झिजले की त्याचा कागद होत असे. जपानमध्ये कागदाचेच वस्त्र होते, एवढा दोहोंत फरक आहे.

जपानी हातकागद मुख्यतः कोझो या तुतीच्या कुळातील झाडाच्या आतील सालीचा असतो. हिवाळ्यात पाने गळाली की फांद्या कापतात, वाफवतात आणि साल सोलून काढतात. वरची काळी साल खरवडून आतील पांढरी साल राखेच्या पाण्यात उकळतात. नंतर ती थंड पाण्यात ठेवून तिच्यातील एकेक डाग आणि कचरा बोटांनी वेचतात. पुढे साल कुटून तिचा लगदा करतात आणि तो पाण्याच्या टाकीत घालतात. त्यात भेंडीच्या कुळातील एका झाडाच्या मुळांचा चिकट रस मिसळतात. बांबूच्या बारीक काड्यांच्या साच्यावर हे पाणी पुढेमागे हेलकावत घेतले असता लांब धागे एकमेकांत गुंततात आणि पातळ पण चिवट कागद तयार होतो. या कलेचे महत्त्व जाणून युनेस्कोने २०१४ मध्ये जपानमधील तीन ठिकाणच्या हातकागदाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

अशा कागदाचे वस्त्र करताना त्याला कोन्न्याकू नावाच्या कंदाची खळ किंवा काकी फळाचा तुरट रस लावतात. मग तो कागद हातांत घेऊन चुरगाळतात, उलगडतात आणि पुन्हा चुरगाळतात. असे पुष्कळ वेळा केल्यावर त्याचा कडकपणा जाऊन तो कापडासारखा मऊ पडतो. नंतर तुकडे एकमेकांना चिकटवून वस्त्र पुरे करतात. मियागी प्रांतातील शिरोइशी येथील कागद यासाठी विशेष नावाजलेला आहे. या कामाला माग लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. लागतो तो हात आणि वेळ.

नारा येथील विधी

तोदाइजी येथील महाबुद्धाच्या प्रतिमेचा नेत्रोन्मीलन-समारंभ इ. स. ७५२ मध्ये झाला. प्रतिमेचे डोळे रेखण्याचा मान त्या वेळी बोधिसेन या भारतीय भिक्खूला मिळाला, ही गोष्ट भारतीय बौद्धांनी अवश्य स्मरणात ठेवावी. त्याच वर्षी जित्चू नावाच्या भिक्खूने तेथे शुनि-ए, म्हणजे दुसऱ्या महिन्यातील अनुष्ठान, सुरू केले. तेव्हापासून ते एकाही वर्षी खंडित झालेले नाही. इ. स. ११८० मध्ये युद्धाच्या आगीत विहाराचे महासभागृह भस्मसात झाले, तरी पुढील वर्षी हे अनुष्ठान झाले. इ. स. १६६७ मध्ये अनुष्ठान चालू असतानाच निगात्सुदो हे त्याचे सभागृह जळाले आणि इ. स. १६६९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. त्या आगीतून निळ्या कागदावर रुपेरी शाईने लिहिलेल्या अवतंसक सूत्राच्या आठव्या शतकातील गुंडाळ्या बाहेर निघाल्या. त्यांच्या कडा जळालेल्या आहेत, परंतु अक्षरे उरली आहेत. २०२१ मध्ये महामारीच्या काळातही अनुष्ठान पार पडले. ते १२७० वे होते.

हल्ली हे अनुष्ठान १ ते १४ मार्च या काळात होते आणि त्यात अकरा भिक्खू भाग घेतात. त्याआधी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ते इतरांपासून वेगळे राहून तयारी करतात. या तयारीत ते कागद चुरगाळून व चिकटवून आपले पांढरे वस्त्र करतात, तसेच तांबड्या, पांढऱ्या आणि पिवळ्या कागदाची कॅमेलियाची फुले करून ती खऱ्या झाडाच्या डहाळ्यांवर बसवितात. हे वस्त्र घालून ते रात्री-रात्री सभागृहात वंदन करतात, जमिनीवर अंग टाकतात आणि लोभ, द्वेष व मोह यांतून घडलेल्या दोषांबद्दल स्वतःच्या आणि सर्वांच्या वतीने पश्चात्ताप व्यक्त करतात. बाहेर सज्जावर मोठमोठ्या मशाली फिरत असतात.

या अनुष्ठानातील अनेक गोष्टी आम्हांस मान्य होण्यासारख्या नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्यात देवदेवतांच्या नावांचे पठण होते. परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांच्या प्रकाशात चालणाऱ्या बौद्धाला त्यात धम्म दिसणार नाही. परंतु त्या वस्त्रात मात्र विनयाचा एक जुना धागा टिकून राहिला आहे. विद्वान असो की नवशिका, प्रत्येकाच्या अंगावर कागदच असतो. ते वस्त्र कोणी भेट म्हणून दिलेले नसते, तर पुष्कळ दिवस बसून हाताने केलेले असते. ते पेटू शकते, भिजू शकते आणि फाटू शकते. अनित्यतेचा उपदेश करणाऱ्याने अनित्यतेचेच वस्त्र घालावे, यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे.

कोणाच्या हातांचे?

आता या विषयाच्या दुसऱ्या बाजूकडे वळावयास हवे. भिक्खूंनी कागदाचे वस्त्र का स्वीकारले, याचे आणखी एक कारण जपानी परंपरेत सांगितले जाते. ते कारण असे की, कापड स्त्रिया विणतात, तर कागदाचे वस्त्र स्त्रियांचा हात लागल्यावाचून तयार होते; म्हणून ते अधिक शुद्ध! हे कारण वाचताच आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या देशातील सोवळे-ओवळे आठवेल. हाताच्या स्पर्शाने वस्तू बाटते, ही कल्पना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यांना ती कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही देशात ओळखू येते. निगात्सुदोच्या आतील भागात आजही स्त्रियांना प्रवेश नाही. त्यांनी बाहेरील दालनात बसून विधी ऐकावयाचा असतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कागद हा स्त्रियांच्या हाताविना होतो, हेच मुळात खरे नाही. जपानच्या खेड्यांत कागद करणे हे शेतकरी कुटुंबांचे हिवाळ्यातील काम होते आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. विशेषतः थंडगार पाण्यात हात घालून सालीतील कचरा वेचण्याचे काम बहुधा त्याच करीत. म्हणजे ज्या वस्त्राला स्त्रीचा हात लागला नाही म्हणून शुद्ध म्हटले, त्या वस्त्राची शुभ्रताच मुळी स्त्रीच्या गारठलेल्या बोटांनी दिलेली होती. श्रम घ्यावयाचे आणि श्रम करणारीचे नाव पुसावयाचे, ही पद्धत आपल्या परिचयाची आहे.

दुसरे प्रमाण धम्माचे. मज्झिम निकायातील दक्खिणाविभंग सुत्तात महाप्रजापती गौतमी स्वतः सूत कातून आणि स्वतः विणून तयार केलेली वस्त्रांची जोडी घेऊन तथागतांकडे येते. तथागत तिला ती जोडी संघाला देण्यास सांगतात, कारण संघाला दिल्याने संघाचा आणि तथागतांचा, दोघांचाही सत्कार होतो. स्त्रीच्या हातचे वस्त्र म्हणून ते नाकारण्याचा विचारही त्या सुत्तात नाही. उलट तिने आपल्या हातांनी कातले आणि विणले, हे सुत्तात मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. विशाखेने तथागतांकडे मागितलेल्या आठ वरांतही भिक्खूंसाठी पावसाळी वस्त्रे आणि भिक्खुणींसाठी स्नानवस्त्रे देण्याचा वर आहे. म्हणून शुद्धतेचे ते कारण धम्मातून आलेले नाही. ते धम्मात बाहेरून शिरलेले आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

तिसरी गोष्ट याच अनुष्ठानाच्या आत दडलेली आहे. ५ आणि १२ मार्चच्या रात्री विहाराशी संबंधित दिवंगतांच्या नावांची नोंदवही मोठ्याने वाचली जाते. सम्राट शोमूच्या नावापासून तिची सुरुवात होते. तेराव्या शतकाच्या आरंभी शुकेई नावाचा भिक्खू ही वही वाचीत असता निळी वस्त्रे नेसलेली एक स्त्री त्याच्यासमोर प्रकट झाली आणि माझे नाव का वगळलेस, असे तिने विचारले, अशी आख्यायिका आहे. तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते. म्हणून त्याने खालच्या आवाजात ‘निळ्या वस्त्राची स्त्री’ असे म्हटले. तेव्हापासून दरवर्षी त्या ठिकाणी हे शब्द हलक्या आवाजात वाचले जातात.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. भूतप्रेतावर आपला विश्वास नाही. परंतु आख्यायिका समाजाच्या मनातील सल सांगते. जिला सभागृहाच्या आत येण्याची मुभा नाही, ती स्त्री आत येऊन जाब विचारते. जिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, तिला तिच्या वस्त्रावरून ओळखावे लागते. आणि वस्त्रावरून का होईना, तिची नोंद करणे एका भिक्खूला भाग पडते. कागदाचे वस्त्र घातलेल्या पुरुषांच्या मधोमध कागदावरील नोंदवहीतून ती नामहीन स्त्री आठशे वर्षे उच्चारली जात आहे. शुद्धतेच्या त्या कारणाला याहून समर्पक उत्तर आम्हांस सुचत नाही.

रंगभूमीवरील रेशीम

कामिको विहारापुरते राहिले नाही. स्वस्त आणि उबदार असल्याने गरिबांनी ते वापरले, प्रवाशांनी वापरले. कवी बाशो याने १६८९ मध्ये केलेल्या उत्तरेकडील प्रवासाच्या वर्णनात रात्रीच्या थंडीसाठी घेतलेल्या कागदी वस्त्राचा उल्लेख केला आहे. पुढे काबुकी रंगभूमीवर इझाएमोन नावाचे एक पात्र लोकप्रिय झाले. श्रीमंत घरातून हाकलून दिलेला हा व्यापाऱ्याचा मुलगा जुन्या प्रेमपत्रांचे वस्त्र करून अंगावर घालतो, असे दाखविले जाते. त्याची दरिद्री अवस्था आणि त्याचे मन ही दोन्ही त्या वस्त्रावर वाचता येतात. वस्त्र हेच पुस्तक झाले! परंतु रंगभूमीवर ते वस्त्र खऱ्या कागदाचे नसते. कागदाचा आभास देणारे ते उंची रेशीम असते.

यातून एक धडा घेता येतो. दारिद्र्याची आणि त्यागाची खूणसुद्धा अलंकार म्हणून विकत घेता येते. तित्थियधज म्हणून तथागतांनी ज्याला नाकारले, ते हेच होय. जेव्हा वस्त्रामागील हात आणि संकल्प निघून जातात आणि फक्त दिसणे उरते, तेव्हा कागद काय आणि रेशीम काय, दोन्ही सारखेच.

महाड आणि नागपूर

आपल्या चळवळीत वस्त्राचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी किती खोलवर ओळखला होता, हे महाडच्या इतिहासावरून दिसते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषद भरली. २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले आणि आपली जात दुरून ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि हातापायांतील जड दागिने टाकून द्या, असे त्यांना सांगितले. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे, हाही त्या उपदेशाचा भाग होता. स्त्रियांनी तत्काळ लुगडी नेसण्याची पद्धत बदलली.

या दोन घटना वेगळ्या नाहीत. कोणी काय नेसावे हे ज्या ग्रंथाने ठरविले होते, तो कागदावरील ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन झाला आणि त्याच परिषदेत त्याचा हुकूम स्त्रियांनी आपल्या अंगावरून उतरविला. पुरुषांनी ग्रंथ जाळला हे आपण नेहमी सांगतो. स्त्रियांनी आपल्या हातांनी निऱ्या बदलल्या, हे त्याच तोलाचे कार्य होते, असे आमचे मत आहे. पंसुकूल उचलणाऱ्या भिक्खूने जे केले, तेच त्यांनी केले. लादलेली खूण त्यांनी नाकारली आणि आपली ओळख आपण घडविली.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोक शुभ्र वस्त्रे नेसून धम्मदीक्षेसाठी जमले. पालि वाङ्मयात गृहस्थ उपासकांना ‘गिही ओदातवसन’, म्हणजे पांढरी वस्त्रे परिधान करणारे गृहस्थ, असे म्हटलेले आहे. त्या दिवशी नेसलेल्या कित्येक साड्या आणि सदरे साधे, घरी धुतलेले असतील. पण त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक शब्द पुन्हा जिवंत केला. ते वस्त्र कोणी नेमून दिलेले नव्हते. ते ज्याने त्याने स्वतः निवडले होते.

आज आपल्याकडे पांढरे वस्त्र आणि निळा ध्वज सर्वत्र दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु खूण टिकते आणि तिच्यामागील कृती विरते, हा धोका आपण जपानच्या उदाहरणात पाहिला. वर्षावासाच्या अखेरीस आपण चीवरदान करतो. ते चीवर बहुधा बाजारातून शिवून आलेले असते. मूळ कठिन-विधीत वस्त्र एका दिवसात कापून, शिवून आणि रंगवून पुरे करावयाचे असते आणि त्यासाठी सर्वांचे हात लागतात. वर्षातून एकदा तरी विहारात एकत्र बसून उपासक-उपासिकांनी आणि भिक्खूंनी एक चीवर आपल्या हातांनी पुरे करावे, ही गोष्ट अवघड नाही. त्या वेळी कोणाचा हात शुद्ध आणि कोणाचा अशुद्ध, हा प्रश्न निघता कामा नये, आणि पहिला टाका उपासिकेने घातला तर ते गौतमीच्या परंपरेला धरूनच होईल.

आणखी एक लहान गोष्ट. आमच्या पाहण्यात आलेल्या कित्येक दानवह्यांत उपासिकेने दिलेल्या दानापुढे तिच्या पतीचे नाव लिहिलेले असते, तर काही ठिकाणी नुसते ‘एक उपासिका’ असे लिहिलेले असते. निळ्या वस्त्राच्या त्या स्त्रीला नाव नव्हते, म्हणून तिला वस्त्रावरून ओळखावे लागले. आपल्या उपासिकांना नावे आहेत. ती वहीत लिहावीत.